चोविसाव्या मिनिटाला पडदा रुंद होतो: ॲनिमेशनपटांच्या समीक्षकांना खुलं पत्र

प्रति,
कौटुंबिक ॲनिमेशनपटांवर लिहिणारे सर्व समीक्षक, त्यांना जागा देणारे संपादक, आणि त्यांच्या मतांचे टक्के काढणारी संकेतस्थळं

स.न.वि.वि.

लहान मुलांना आईबापांसोबत बसवून चित्रपट दाखवणाऱ्या एका मंडळाच्या निवड समितीला मी 'ब्रदर बेअर' या ॲनिमेशनपटाचं नाव सुचवलं होतं. ते यादीतून वगळलं गेलं. कारण विचारलं तेव्हा चाळीसच्या आतली एक टक्केवारी पुढे करण्यात आली. समितीतल्या कुणीही चित्रपट पाहिलेला नव्हता, आणि पाहायला हवा असंही कुणाला वाटलं नव्हतं. "समीक्षकांनीच नापास केलाय, आपण कशाला डोकं लावायचं?" एवढ्यावर विषय संपला. समितीवर माझा राग नाही. त्यांच्यापुढे नावांचा ढीग असतो आणि वेळ नसतो, म्हणून ते तुमच्यावर विसंबतात. त्यामुळे जे काही बोलायचं आहे ते तुमच्याशीच.

मी ॲनिमेशन शिकवते. कागद, पेन्सिल आणि लाइटबॉक्स (खालून उजेड येणारी काचेची पेटी) घेऊन, अजूनही. अस्वल कसं चालतं, ते कसं विचार करताना दिसेल, हे शिकवायची वेळ आली की दरवर्षी हाच चित्रपट लावते. तो निर्दोष आहे असा माझा दावा नाही. पण माझे विद्यार्थी ज्यातून इतकं काही उचलतात, त्यातलं जवळपास काहीच तुमच्या परीक्षणांत का सापडत नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतो आहे.

ज्यांनी चित्रपट पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. हिमयुगाच्या सरत्या काळातला उत्तरेकडचा प्रदेश. सिट्का, डेनाही आणि केनाई हे तीन भाऊ. धाकट्या केनाईने माशांची टोपली नीट बांधून न ठेवल्यामुळे अस्वल ती पळवतं. तो अस्वलामागे जातो, भाऊ त्याच्यामागे येतात, आणि दोघांना वाचवताना थोरला सिट्का जीव गमावतो. केनाई सूड म्हणून अस्वलाला मारतो आणि पूर्वजांचे आत्मे त्याला अस्वल करून टाकतात. मधला डेनाही येतो तेव्हा त्याला केनाईचे कपडे दिसतात आणि समोर अस्वल दिसतं. अस्वलाने दुसरा भाऊही खाल्ला, असं समजून तो त्याच्या मागावर निघतो. वाटेत केनाईला आई हरवलेलं कोडा नावाचं पिल्लू भेटतं. ती आई कोण, हे पुढे कळतं.

दिग्दर्शक ॲरन ब्लेझ आणि रॉबर्ट वॉकर, निर्मिती डिस्नेची, वर्ष 2003. जगभरातून सुमारे 25 कोटी डॉलरची तिकीटविक्री झाली आणि ॲनिमेशनपटांच्या ऑस्करसाठी नामांकनही मिळालं. तुमच्या परीक्षणांचा एकूण सूर मात्र असा होता: गोड आहे, बरा आहे, विशेष काही नाही, गाणी बेताची, कथा ठरीव.

आता माझ्या तक्रारी. सगळ्या सारख्या वजनाच्या नाहीत.

सगळ्यात मोठी तक्रार ही की तुम्ही कथेचं परीक्षण केलंत, चित्रपटाचं नाही. पहिली साधारण 24 मिनिटं, म्हणजे केनाई माणूस असेपर्यंत, चित्राची चौकट तुलनेने अरुंद आहे. रुंदी उंचीच्या 1.75 पट. तो अस्वल होतो आणि चौकट 2.35 पट होते. रंगही उजळतात. जे जग आत्तापर्यंत शिकारीच्या रोखलेल्या नजरेतून दिसत होतं, ते दोन्ही बाजूंनी उघडतं. अंधाऱ्या थिएटरात बसलेल्या मुलाला चौकटीचं गणित कळत नाही, पण श्वास मोकळा झाल्यासारखं त्याला नक्की वाटतं. माणूस असणं म्हणजे कमी दिसणं, हे म्हणणं इथे एकही संवाद न वापरता पडद्याच्या मापातून मांडलेलं आहे. एखाद्या 'मोठ्यांच्या' दिग्दर्शकाने हेच केलं असतं तर त्यावर दोन-दोन परिच्छेद आले असते. इथे बहुतेकांनी गोष्ट सांगितली, गाण्यांवर नाक मुरडलं आणि मुलांना आवडेल की नाही ते लिहून मोकळे झाले.

याच तक्रारीचा दुसरा भाग बोलण्याचा आहे. केनाई अस्वल झाल्यावर प्राणी त्याच्याशी सरळ बोलू लागतात आणि माणसांना मात्र त्याची नुसती गुरगुर ऐकू येते. गावातली वडीलधारी तनाना त्याला समजावायला येते, पण त्याचं म्हणणं तिला कळत नाही, आणि ती सरळ तसं सांगून टाकते. प्रसंग विनोदी आहे. पुढे डेनाही भाला घेऊन समोर येतो तेव्हा हीच गोष्ट जिवावर बेतते. भाऊ भावाला हाक मारतो आहे आणि ऐकणाऱ्याला जनावर अंगावर येताना दिसतं. गुहेतल्या चित्राचा प्रसंगही असाच. भिंतीवर भालेवाला माणूस आणि समोर अस्वल. लहानपणापासून आपण अशा चित्रात माणसाच्या बाजूने उभे असतो. कोडा त्याकडे बघून घाबरतो आणि राक्षस म्हणतो तो माणसाला, विशेषतः त्याच्या हातातल्या काठीमुळे. मुलं इथे आधी हसतात आणि मग गप्प होतात, हे मी दर वेळी पाहते.

हे सगळं लक्षात घेतल्यावर 'कथा ठरीव' या शेऱ्याकडे पुन्हा बघा. कोडाची आई कोण हे प्रेक्षकाला आधीच कळतं, अशी तुमच्यातल्या कित्येकांची तक्रार होती. अहो, कळायलाच हवं! केनाईला कळण्याआधी आपल्याला कळतं, म्हणूनच कोडा आईबद्दल बडबडू लागला की पोटात खड्डा पडतो. हा रहस्यपट नाही. शिवाय या चित्रपटात खलनायकच नाही. जो मारायला धावतो आहे तो दोन भाऊ गमावल्याचं दुःख उराशी घेऊन धावतो आहे, आणि ज्याला मारायला निघाला आहे तो त्याचाच भाऊ आहे. मुलांसाठीच्या किती चित्रपटांत कुणालाच वाईट न ठरवता गोष्ट शेवटापर्यंत नेलेली असते? मोजून पाहा.

आता चित्रांबद्दल. हे माझं क्षेत्र, म्हणून जरा रेंगाळते. अस्वल तळपाय पूर्ण टेकून चालतं. टाच जमिनीला लागते. कुत्रा किंवा मांजर बोटांवर चालतात. या एका गोष्टीमुळे अस्वलाचं शरीर ॲनिमेटरला माणसाच्या जवळचं वाटतं. ते दोन पायांवर उभं राहिलं तरी खोटं दिसत नाही, आणि त्याच्या खांद्यांतून माणसाचा संकोच दाखवता येतो. पण त्यातच धोकाही आहे, कारण अस्वलाचं कातडं पांघरलेला माणूस दिसायला वेळ लागत नाही. केनाईची पहिली चाल पाहा. पाय चार आहेत आणि सवय दोनांची. पुढचे पाय हात असल्यासारखे पडतात, मागचा भार कुठे टाकायचा ते समजत नाही. हळूहळू, कुणी बोलून न दाखवता, ती चाल अस्वलाची होत जाते. शेजारी कोडा. त्याचे पाय आखूड, वजन कमी, लय वेगळी. दोघं एका फ्रेममध्ये चालतात तेव्हा दोन वेगळी टायमिंग सांभाळावी लागतात. सेकंदाला 24 फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी एका पात्राची सेकंदाला 12 चित्रं झाली. त्याआधी रफ (कच्चं रेखाटन), मग क्लीनअप (स्वच्छ रेषा), मग इनबिट्वीन (मधली चित्रं). माझे विद्यार्थी यातलं चार सेकंदांचं चालणं स्वतः काढायला बसतात तेव्हा पहिल्या आठवड्यातच वर्गातली बडबड थांबते.

एवढं काम तुमच्या परीक्षणांत बहुतेकदा एका विशेषणात उरकलं गेलं: 'देखणं'. अभिनयाबद्दल लिहिताना तुम्ही केनाईला आवाज देणाऱ्या वॉकीन फीनिक्सबद्दल लिहिलंत. आवाज त्याचाच आहे, उत्तमही आहे. पण अभिनय फक्त आवाजाचा नसतो. भुवई किती उचलायची आणि कोणत्या फ्रेमला उचलायची, हे ज्याने ठरवलं तोही नटच आहे, आणि त्याचं नाव श्रेयनामावलीत असतं.

तिसरी तक्रार मूझ (उत्तरेकडचं मोठ्या शिंगांचं हरीण) भावांबद्दल. रट आणि ट्यूक. आवाज रिक मोरॅनिस आणि डेव्ह थॉमस यांचे. या दोघांनी कॅनडातल्या दूरचित्रवाणीवर गाजवलेल्या दोन भावांचाच हा मूझ-अवतार. कुणी त्यांना चित्रपटातली एकमेव मजा म्हटलं, कुणी भरताड. दोन्ही बाजू एका गोष्टीवर एकमत होत्या, की त्यांचा कथेशी संबंध नाही. खरं सांगायचं तर इथे मला शंका येते की शेवटची वीस मिनिटं नीट पाहिली गेली का. आपल्या आईला केनाईनेच मारलं हे कळल्यावर कोडा त्याला सोडून पळून जातो. मग त्याला काय परत आणतं? हे दोन मूझ भांडलेले असतात, आणि त्यांचं एकमेकांची समजूत काढणं त्याच्या कानावर पडतं. चित्रपटाच्या सगळ्यात अवघड वळणाचा, म्हणजे क्षमेचा, भार दोन बावळट मूझांवर टाकलेला आहे. हे धाडस आहे की आळस, यावर वाद घालता येईल. वाद घालण्यासाठी ते आधी दिसायला हवं. (डीव्हीडीवर या दोघांच्या आवाजात अख्ख्या चित्रपटाची कॉमेंटरी आहे. ती मूर्खपणाची आहे, पण निदान त्यांनी चित्रपट शेवटपर्यंत पाहिलेला आहे.)

चौथी तक्रार तुलनेची. त्याच वर्षी संगणकावर बनलेला, माशांच्या गोष्टीचा 'फाइंडिंग निमो' आला आणि ऑस्करही त्यालाच मिळालं. तो मोठा चित्रपट आहे, त्याबद्दल दुमत नाही. पण तेव्हा उद्योगात एक गोष्ट पसरली होती की संगणक जिंकला आणि हाताने काढलेलं ॲनिमेशन संपलं. अनेक परीक्षणांनी हा चित्रपट त्या गोष्टीचा पुरावा म्हणून वापरला. मासे आणि अस्वलं यांची तुलना तंत्रावरून होऊ लागली. शिवाय डिस्नेच्याच आधीच्या प्राणीपटांची यादी देऊन 'तेच ते' म्हणणं सोपं असतंच.

याचा परिणाम फक्त कागदावर राहिला असं मला वाटत नाही, जरी तुमच्या लेखांमुळे कुणाची नोकरी गेली असंही मी म्हणणार नाही. हा चित्रपट फ्लोरिडातल्या डिस्नेच्या स्टुडिओत बनला. 1989 मध्ये सुरू झालेला तो स्टुडिओ. पर्यटक काचेपलीकडून चित्रकारांना काम करताना बघत, अशी त्याची रचना होती. 'मुलान' आणि 'लिलो अँड स्टिच' तिथलेच. जानेवारी 2004 मध्ये, म्हणजे चित्रपट लागून तीन महिनेही होत नाहीत तोवर, तो बंद करण्याची घोषणा झाली. निर्णय कंपनीचा होता, हिशेब कंपनीचे होते. पण त्या वेळी 'हे तंत्र जुनं झालं' हे वाक्य हवेत होतं, आणि ते हवेत सोडणाऱ्यांत तुम्हीही होतात. पेन्सिल जुनी होत नाही. एखादी पटकथा कमी पडू शकते. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवणं हे समीक्षकाचंच काम.

टीका करायला जागा नव्हती का? भरपूर होती. केनाई कोडाला खरं सांगतो तो प्रसंग घ्या. चित्रपटातलं सगळ्यात जड बोलणं तिथे आहे, आणि ते सुरू झाल्यावर गायक फिल कॉलिन्सचं गाणं त्यावर चढतं. आपल्याला शब्द ऐकू येत नाहीत, फक्त पिल्लू मागे सरताना दिसतं. मला हे आजही पूर्ण पटत नाही. केनाईला कोडासमोर हे वाक्य बोलायलाच लावायला हवं होतं. माझ्या वर्गात यावरून दर वर्षी दोन तट पडतात, आणि चित्रातलं पिल्लूच पुरेसं आहे म्हणणारा तट काही लेचापेचा नसतो. गाणी बेताची आहेत एवढं म्हणण्यापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोलाचा होता.

किंवा ही माणसं कोण, हे विचारायचं. अलास्काच्या भूगोलातून घेतलेली नावं, तिथल्या आदिवासी समाजांच्या श्रद्धांशी मिळतीजुळती टोटेमं (प्राण्यांची पवित्र चिन्हं), आणि प्रत्यक्षात एकाही समाजाचं नाव नाही. रूपांतराच्या प्रसंगातलं गाणं अलास्कातल्याच आदिवासींच्या इनुपियाक भाषेत आहे आणि ते गायलं आहे बल्गेरियन स्त्रियांच्या वृंदाने. ऐकताना अंगावर काटा येतो. पण ते शब्द ज्यांचे त्यांचा आवाज का नाही, हा प्रश्न रास्त आहे, आणि तो तेव्हाच, ठळकपणे विचारायला हवा होता. तो विचारला असता तर चित्रपटाला कमी तारे मिळाले असते तरी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

आणि आता ते टक्के. परीक्षणं गोळा करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर हा चित्रपट 37-38 टक्क्यांच्या आसपास आहे. हा आकडा चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती टक्के परीक्षणं अनुकूल होती, एवढंच तो सांगतो. शाळेचा निकाल किती टक्के लागला ते सांगावं आणि ऐकणाऱ्याने ते एका विद्यार्थ्याचे गुण समजावेत, तसं होतं. 'बरा आहे, पण विशेष नाही' असं म्हणणारा समीक्षक आणि 'भयंकर आहे' म्हणणारा समीक्षक इथे एकाच खान्यात जातात. 'मेटाक्रिटिक' हे दुसरं संकेतस्थळ परीक्षणांना गुण देऊन त्यांची भारित सरासरी काढतं. तिथे याच चित्रपटाला 100 पैकी 48 आहेत. म्हणजे 'नापास' नव्हे, 'मधला'. पहिल्या दिवशी थिएटरातून बाहेर पडणाऱ्यांना विचारणाऱ्या 'सिनेमास्कोर'मध्ये श्रेणी मिळाली 'ए'. आणि अमेरिकी समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी चारपैकी तीन तारे दिले होते. चार मापं, चार चित्रं. टिकून राहिला तो एकच आकडा, कारण तो सगळ्यात ठळक छापला जातो. हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी परीक्षण लिहिताना 'मधल्या' मताचं काय होणार याचा विचार तुमच्यातले थोडेच करतात.

म्हणून मागण्या.

समीक्षकांनो, ॲनिमेशनपटाच्या परीक्षणात चित्राबद्दल निदान एक खरा परिच्छेद लिहा. चौकट, हालचाल, रेषा, रंग, काहीही, पण पडद्यावर दिसलेली नेमकी गोष्ट. विशेषण चालणार नाही. पात्राबद्दल लिहिताना आवाज देणाऱ्या नटाबरोबर ते पात्र हलवणाऱ्या मुख्य ॲनिमेटरचंही नाव द्या.

'मुलांना आवडेल' हे वाक्य कृपा करून बंद करा. मुलांसोबत बसून पाहिला असेल तर त्यांनी कुठे काय केलं ते लिहा. नसेल पाहिला तर त्यांच्या वतीने बोलू नका.

तंत्र आणि पटकथा यांचे हिशेब वेगळे ठेवा. एका चित्रपटाच्या खात्यावर सगळ्या उद्योगाचं भविष्य टाकू नका.

टक्के काढणाऱ्या संकेतस्थळांनो, टक्क्यांच्या शेजारी, त्याच आकाराच्या अक्षरात, सरासरी गुण छापा आणि टक्के म्हणजे काय ते एका ओळीत सांगा. वीस वर्षांपूर्वीच्या परीक्षणांवरून आलेला आकडा असेल तर तसं म्हणा. आजच्या मतासारखा तो मिरवू नका.

2003 मध्ये ज्यांनी यावर लिहिलं आणि जे अजून लिहितात, त्यांनी हा चित्रपट पुन्हा एकदा पाहावा. मूळ मापाची चौकट असलेली प्रत मिळवून पाहावा. मत तेच राहिलं तर तेच पुन्हा छापा, माझी हरकत नाही.

आणि संपादकांनो, ॲनिमेशनपट त्या दिवशी ज्याच्या हातात काम नाही त्याच्याकडे सोपवायचं थांबवा. क्रिकेटची मॅच तुम्ही क्रिकेट कळणाऱ्यालाच देता. ॲनिमेशन कळणारं कुणी नसेल तर शोधा. माझ्या वर्गातून दर वर्षी अशी मुलं बाहेर पडतात ज्यांनी स्वतः अस्वल चालवून पाहिलेलं असतं. त्यांतल्या काहींना लिहिताही येतं. त्यांना विचारा, ती नाही म्हणणार नाहीत.

कळावे,
आपली,
ॲनिमेशनची एक शिक्षिका